जुना पलटी नांगर पुन्हा जमिनीत उतरवताना

बांधाला टेकवून ठेवलेला जुना दोन फाळी पलटी नांगर पाहिला की नजर आधी गंजावर जाते. खरे तर गंज हा त्याचा सगळ्यात किरकोळ आजार. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर घेऊन बसले की दिवसभरात तो निघतो. मग नांगर छान लाल-निळा रंगवून शेतात नेला जातो, आणि तिथे तो वरवर खरवडत पळतो, ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो, डिझेल मात्र दुप्पट लागल्यासारखे वाटते. बिघाड मापात असतो. फाळाच्या टोकाशी झिजलेले पाच-सहा मिलिमीटर, थोडी पिळलेली फ्रेम, ढिला झालेला बुश. हीच मापे परत आणण्याबद्दल हा लेख आहे.

नांगर जमिनीत शिरतो कसा

दोन फाळी पलटी नांगराचे वजन साधारण चारशे किलोच्या आसपास असते. एवढ्या वजनाने एप्रिलमधल्या काळ्या रानात तो एक इंचही रुतणार नाही. नांगर वजनाने खाली जात नाही, ओढल्यामुळे जातो. फाळाचे नाक बाकीच्या तळापेक्षा किंचित खाली झुकवलेले असते, म्हणून पुढे ओढताच ते खाली घुसू पाहते.

हे झुकणे मोजता येते. नांगराच्या एका अंगाला सपाट लोखंडी पट्टी असते, तिला लँडसाइड म्हणतात. ती न नांगरलेल्या जमिनीच्या भिंतीला घासत चालते. फाळाच्या नाकापासून लँडसाइडच्या मागच्या टाचेपर्यंत तळाला सरळ पट्टी लावली, तर मध्ये फट दिसली पाहिजे. ही खालची फट. चांगल्या अवस्थेत ती साधारण ५ ते ६ मिलिमीटर असते. तीच पट्टी लँडसाइडच्या बाजूने लावली की तिथेही जवळपास ५ मिलिमीटरची फट दिसावी, कारण नाक जमिनीकडेही थोडे वळलेले असते. खालची फट नांगराला खोली देते आणि बाजूची फट पूर्ण रुंदीचे तास, म्हणजे नांगराची चरी, घेते. नाक झिजले की दोन्ही फटी एकदमच जातात. मग चालक टॉप लिंक (नांगराला ट्रॅक्टरशी वरून जोडणारा, लांबी कमी-जास्त होणारा दांडा) आखडतो, नांगरावर दगड किंवा वाळूची पोती बांधतो. त्या दगडांनी खोली फारशी वाढत नाही, फ्रेमवरचा ताण तेवढा वाढतो.

फाळाच्या मागे वर वळत गेलेली पाटी म्हणजे मोल्डबोर्ड. 'एमबी नांगर' या नावातला एमबी तो हाच. फाळ माती आडवी कापतो, पाटीची पुढची कड उभी कापते, आणि वळण त्या मातीच्या पट्ट्याला उचलून पालथे घालते. पट्टा नीट उलटायचा तर खोली रुंदीच्या दोन तृतीयांशापर्यंत असावी. १२ इंची फाळाला ८ इंच खोली ठीक. त्याच फाळाने फूटभर खोल जायचा हट्ट केला तर पट्टा उलटत नाही, उभाच राहतो, आणि हरळी-कुंदा पुन्हा डोके वर काढतो.

फाळ, पाटी आणि लँडसाइड हे तिन्ही ज्या मधल्या भक्कम तुकड्यावर बोल्टने बसतात त्याला फ्रॉग म्हणतात. पलटी नांगरात प्रत्येक पायाला, म्हणजे फ्रेमला जोडलेल्या दांड्याला, असे दोन संच असतात, एक उजवीकडे माती टाकणारा आणि एक डावीकडे. त्यामुळे टोकाला वळून त्याच तासाला लागून परत येता येते आणि रानात मध्येच वरंबे-नाल्या राहत नाहीत.

माती का चिकटते

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जॉन डीअर या लोहाराने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी नांगर केला, त्यामागची अडचण आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच होती. प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांची, काळी चिकट माती बिडाच्या खरबरीत पाटीला लगडून बसायची आणि दर थोड्या अंतरावर थांबून खरवडावी लागायची. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेव्हाचा नांगर बैलांचा होता, पण फाळ-पाटी-लँडसाइड हे गणित ट्रॅक्टरच्या नांगरातही तेच राहिले आहे.

पाटी आरशासारखी गुळगुळीत असेल तर माती तिच्यावरून सरकते. गंजाने खड्डे पडले की त्यात माती अडकते, त्या मातीवर दुसरी माती बसते, आणि पाटीचा मूळ आकारच मातीखाली बुजतो. मग माती पाटीवरून न सरकता मातीवरूनच सरकू लागते आणि ओढ भलतीच वाढते. म्हणून पाटीला रंग कधीच लावायचा नाही. जुना नांगर विकायला काढताना पाटीलाही चकचकीत रंग मारलेला दिसला तर आतले खड्डे झाकलेत असे समजावे.

खोलण्याआधी मोजा

सगळे बोल्ट काढून ढीग केला की फ्रेम पिळलेली आहे की फाळ चुकीचा बसलाय हे कळत नाही. म्हणून आधी मोजमाप.

नांगर सिमेंटच्या सपाट कोब्यावर ट्रॅक्टरला जोडून उभा करा. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या आणि भार ठोकळ्यांवर येऊ द्या. हायड्रॉलिकवर टांगलेल्या नांगराखाली कुणीही, क्षणभरही जायचे नाही. पाइप फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला तर बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

आता पहिल्या फाळाच्या नाकापासून दुसऱ्याच्या नाकापर्यंत अंतर घ्या. उजव्या संचाचे आणि डाव्या संचाचे अंतर सारखे हवे. मग फिरणाऱ्या मधल्या शाफ्टच्या रेषेपासून प्रत्येक नाक किती दूर आहे ते चारही फाळांसाठी मोजा. नवे फाळ असताना हा फरक पाव इंचाहून जास्त नसावा. जुन्या फाळांत झीज वेगवेगळी असते, म्हणून फाळ बदलल्यावर हीच मापे पुन्हा घ्यायची असतात. तेव्हाही एकच पाय वेगळा आला, तर तो पाय किंवा फ्रेम वाकली आहे. बहुतेक वेळा हे मोठ्या दगडाला किंवा झाडाच्या मुळाला आदळल्याने झालेले असते, आणि मागच्याने शिअर बोल्टच्या जागी टणक बोल्ट घातलेला सापडतो. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर पाय वाकतो.

फ्रेमवर तडे शोधायला पायाच्या जोडाजवळ आणि हेडस्टॉकच्या (ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या सांगाड्याच्या) वेल्डिंगजवळ तारेचा ब्रश मारून डिझेल लावा, पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा. तड असेल तर आतले डिझेल पुडीत उमटून रेघ दिसते.

अडकलेले बोल्ट

नांगराचे बोल्ट वेगळे असतात. डोके चपटे, खोबणीत बसणारे, आणि मानेखाली चौकोन. डोके फाळाच्या पृष्ठभागाच्या बरोबरीत बसावे म्हणून ही रचना असते. वर्षानुवर्षे बसलेला नट हलत नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावा. हे मिश्रण पटकन पेट घेते, म्हणून ते लावलेल्या जागी गॅस किंवा ग्राइंडर लगेच चालवू नका. हलक्या हातोडीने नटाच्या सहाही बाजू ठोकत राहिल्याने गंज सुटायला मदत होते.

नट लाल होईपर्यंत तापवणे हा गावोगावचा उपाय आहे आणि तो चालतो, पण फ्रेमवरच्या बोल्टांना. फाळ आणि पाटीच्या बोल्टांना ज्योत लावली की त्या भोवतालच्या पोलादाची कठीणता जाते आणि तिथे खोलगट झीज होते. इथे ग्राइंडरने नट उभा चिरून काढणे बरे. बोल्ट तसेही नवेच घालायचे आहेत. बोल्ट जागच्या जागी फिरत असेल तर चौकोनी मान खाल्ली गेली आहे. डोक्यावर एक छोटा नट वेल्ड करून पान्याने धरा.

नवे बोल्ट ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचे घ्या. १२ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर घट्टपणा पुरतो. पहिला तासभर नांगरल्यावर सगळे पुन्हा आवळायचे, हे विसरले की फाळ हलतो, भोक अंडाकृती होते आणि मग तो फाळ कधीच घट्ट बसत नाही.

फाळ शेवटायचा की बदलायचा

आधी धातू ओळखा. ग्राइंडरला लावल्यावर ठिणग्या लांब, उजळ आणि टोकाला फुटणाऱ्या निघाल्या तर पोलाद. आखूड, मंद, लालसर निघाल्या तर बीड. बिडाचा फाळ वेल्ड करायच्या फंदात पडू नये, तडकतो. तो झिजला की बदलायचा.

पोलादी फाळ लोहाराकडे शेवटून घेता येतो. तापवून, ठोकून नाक पुढे काढायचे, खाली आणि जमिनीकडे किंचित वळण द्यायचे. दोन्ही फटी इथेच परत येतात. चांगला लोहार हे डोळ्याने करतो, तरी घरी आणल्यावर सरळ पट्टी लावून ५ मिलिमीटर मोजाच. आताच्या बऱ्याच पलटी नांगरांत फाळाच्या पुढे वेगळा चौकोनी बार असतो. टोक झिजले की तो पुढे सरकवता येतो, आणि दुसरे टोक शिल्लक असेल तर उलटून बसवता येतो. अशा नांगरात नाकाची दुरुस्ती फार स्वस्तात होते, पण बार इतका झिजू देऊ नये की खालचा फाळ आणि फ्रॉगच घासायला लागेल.

टोकावर वेल्डिंगचा थर चढवायचा असेल तर फाळ आधी १५० ते २०० अंशांपर्यंत तापवा. पोलाद कार्बनचे असल्याने थंड फाळावर थेट वेल्ड केले की थराशेजारी तो ठिसूळ होतो आणि पहिल्याच दगडाला तुकडा उडतो. भराव लो-हायड्रोजन ७०१८ वेल्डिंग रॉडने करा, वर हार्डफेसिंगचा (झीज सोसणाऱ्या कठीण धातूचा) एकच थर द्या, आणि नंतर फाळ कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्या. पाण्यात बुडवायचा मोह आवरा. रॉड कोरडे हवेत. पावसाळ्यात उघड्या पाकिटात राहिलेल्या ७०१८ चा काही उपयोग नाही.

हार्डफेसिंग फाळाच्या फक्त खालच्या बाजूला द्यावे. वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कठीण कड पुढे राहते, आणि धार आपोआप टिकते. दोन्हीकडे दिले तर फाळ बोथट होतो. शिवाय वरच्या बाजूला दिलेल्या खरबरीत थरावर काळी माती चिकटते.

पाटी आणि लँडसाइड

पाटीवरचा गंज काढायला सुरुवात ६० ग्रिटच्या फ्लॅप डिस्कने, मग ८०, मग १२०. डिस्क माती ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने फिरवा. आडवे ओरखडे राहिले तर माती त्यात धरते. खोल खड्डे पूर्ण जाईपर्यंत घासू नका. पाटीचा वरचा थर कठीण असतो, तो गेला की मऊ पोलाद एका हंगामात झिजते. चमक आली पण तुरळक खड्डे राहिले तर ठीक आहे. उरलेली पॉलिश माती करते. पहिले काही तास मुरमाड किंवा वाळूसर रानात, कमी खोलीने नांगर चालवा. चिकट काळ्या रानात थेट उतरवलेला नवा घासलेला नांगर हमखास माती धरतो.

पुढची उभी कड खोलगट झाली असेल किंवा पाटी बोटाने दाबली तर लवेल इतकी पातळ वाटत असेल तर बदला. त्यावर पत्र्याचे ठिगळ मारू नका. ठिगळाच्या कडेला माती अडते.

लँडसाइडकडे कुणी फारसे बघत नाही. पाटी माती एका अंगाला ढकलते तेव्हा नांगर दुसऱ्या अंगाला सरकू पाहतो, तो रेटा ही पट्टी घेते. ती झिजली की नांगर तिरका चालतो आणि चालकाला स्टेअरिंग सतत एका बाजूला धरावे लागते. अनेक नांगरांत ही पट्टी उलटून लावता येते. मागच्या फाळाची लँडसाइड सगळ्यात जास्त झिजते, ती तरी नवीच घाला.

फ्रेम, पलटीचा शाफ्ट, सिलिंडर

तड वेल्ड करायची तर दोन्ही टोकांना ३-४ मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग व्ही आकाराची खाच करून पूर्ण खोलीचा भराव. वरून नुसती रेघ ओढलेली तड आतून तशीच राहते. नांगर ट्रॅक्टरला जोडलेला असताना वेल्ड करत असाल तर बॅटरीची केबल काढा.

पलटीच्या शाफ्टवर नांगर हाताने हलवून बघा. मागच्या टोकाला एक-दोन इंच खेळ असेल तर बुश गेलेत. खेळ ठेवून कुठलेही सेटिंग टिकत नाही, कारण नांगर प्रत्येक पलटीला वेगळ्या जागी बसतो. ग्रीस निपलमध्ये जुने ग्रीस दगड झालेले असते. निपल काढून भोक मोकळे करा, नवे बसवा. कामाच्या दिवसात रोज सकाळी ग्रीस द्या.

हायड्रॉलिक पलटीत सिलिंडर आधी आकसून नांगर उभा करतो, माथा ओलांडला की लांबून दुसऱ्या अंगाला टेकवतो. नांगर माथ्यावरच अडकत असेल तर इंजिनाचे आरपीएम वाढवून बघा, मग व्हॉल्व्हमधला कचरा, मग सील. सील किट बदलणे सोपे आहे, पण रॉडच्या क्रोमवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर नवे सीलही आठवड्यात फाटते, म्हणून आधी रॉड बदला. गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून येणारे तेल कातडीत घुसते, आणि ती जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठा धरून बघा.

जोडणीच्या पिना मोजा. ट्रॅक्टरच्या जोडणीचे आकार कॅटेगरीने ओळखतात: कॅटेगरी १ ची खालची पिन २२ मिलिमीटरची, कॅटेगरी २ ची २८ ची. मोठ्या ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्याच्या बॉलमध्ये २२ ची पिन बुशशिवाय घातलेली अनेक ठिकाणी दिसते. ६ मिलिमीटरचा तो खेळ नांगराच्या शेपटापर्यंत पोहोचेस्तोवर कितीतरी मोठा होतो.

जुळवणी

काम करताना ट्रॅक्टरची एका बाजूची चाके तासात असतात, म्हणजे ट्रॅक्टर खोलीइतका कललेला असतो. नांगराचे पाय मात्र जमिनीला काटकोनात हवेत. घरी हे बघायचे तर डाव्या दोन्ही चाकांखाली २० सेंटिमीटर उंचीच्या भक्कम फळ्या द्या, हँडब्रेक लावा, आणि उजवीकडे माती टाकणारा संच खाली घेऊन पायाला गुण्या लावा. काटकोन नसेल तर शाफ्टजवळच्या अडवणीच्या स्क्रूने जुळवा. मग फळ्या दुसऱ्या बाजूला देऊन दुसरा संच. पलटी नांगरात दोन्ही लिफ्ट रॉड (ट्रॅक्टरचे खालचे दांडे उचलणारे उभे रॉड) सारख्याच लांबीचे ठेवायचे. कल स्क्रूनेच काढायचा.

शेतात दोन-तीन फेऱ्या घेऊन तासाचा तळ बघा. पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ असेल तर टॉप लिंक आखूड झाली आहे, लांबवा. उलट असेल तर आखडा. पहिल्या फाळाचे तास बाकीच्यांपेक्षा रुंद किंवा अरुंद पडत असेल तर मागच्या चाकांमधले अंतर आणि नांगराची आडवी जागा जुळत नाही. हायड्रॉलिक पोझिशन कंट्रोलवर (नांगराची उंची कायम धरणाऱ्या) न ठेवता ड्राफ्ट कंट्रोलवर (ओढीनुसार उचलणाऱ्या) ठेवा, म्हणजे कठीण पट्टा आला की नांगर किंचित उचलला जातो आणि चाके फिरत राहत नाहीत.

किती ताकद लागते याचा अंदाज काढता येतो. दोन १२ इंची फाळ म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदी, २० सेंटिमीटर खोली: १२०० चौरस सेंटिमीटर माती. भारी काळ्या रानाला ओल असताना चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो ओढ धरली तर ८४० किलो. ताशी ४ किलोमीटर वेगाला हुकावर सुमारे साडेबारा अश्वशक्ती. चाके घसरण्यात आणि मऊ रान तुडवण्यात बरीच ताकद जाते, रान वाळलेले आणि खोली जास्त असेल तर आकडा दुपटीच्याही पुढे जातो. म्हणून दोन फाळी पलटीला ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर. बोथट फाळाने यात आणखी भर पडते, कारण ओढीचा मोठा वाटा माती कापण्यातच जातो.

चाक किती घसरते तेही बघा. मागच्या टायरवर खडूची खूण करा, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे किती अंतर जातात ते मोजा, मग नांगर लावून. ४२ मीटरचे ३७ झाले तर घसर १२ टक्के, ठीक. २० च्या वर गेली तर आधी फाळ आणि खोली बघा, वजन नंतर वाढवा.

एवढे करूनही नांगर शिरत नसेल तर रान बघा. रब्बी निघाल्यावर अंगात थोडी ओल असते तोवर नांगरट झाली तर ढेकूळ फुटते आणि हुमणीच्या अळ्याही वर येऊन उन्हाने मरतात. मे महिन्यात दगड झालेल्या रानात कुठलाही नांगर वरूनच घासेल. उलट ओल जास्त असताना घाई केली तर तासाचा तळ लिंपल्यासारखा होतो आणि खाली घट्ट थर बसतो. मूठभर माती दाबून गोळा करा. कंबरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर थांबा.

हंगाम संपला की त्याच संध्याकाळी पाटी-फाळ धुऊन, पुसून, ग्रीसचा पातळ हात मारून ठेवा. वळवाची एक सर पाटीची महिनाभराची चमक घालवायला पुरते. सिलिंडरचा रॉड शक्य तेवढा आत घेऊन नांगर ठोकळ्यांवर ठेवावा, फाळ ओल्या मातीत टेकवून नाही.